निर्गंध किंशुक

फाल्गुन लागला म्हणजे आपल्या पानझडी रानांतील पळस दुरूनच ओळखूं येतो. एरवीं ह्या वेड्यावांकड्या झाडाकडे कोणी पाहात नाहीं. परंतु पानें गळून गेलीं आणि काळपट मखमाली कळ्यांतून केशरी फुलें बाहेर पडलीं, कीं सारा डोंगर पेटल्याचा भास होतो. फुलाची एक पाकळी राघूच्या चोंचीसारखी बांकदार असते. ‘हा शुक तर नव्हे?’ असा संशय ज्यास पाहून येतो तो किंशुक, अशी त्या नांवाची व्युत्पत्ति सांगतात.

रूप आणि कुल असून विद्या नसलेला पुरुष गंधहीन किंशुकासारखा होय, ह्या अर्थाचें सुभाषित वाचकांस ठाऊक असेलच. तें शिकवितांना वर्गांतील मुलांच्या नजरा एका देखण्या, सधन घरच्या मुलाकडे वळत. शब्द चालवितांना तो अडखळे. पण शाळेचें घड्याळ बंद पडलें कीं तें उघडून चालू करणारा तोच. घरचे वडीलही त्याला ‘आमचा किंशुक’ म्हणून हिणवीत. सहामाही परीक्षेनंतर त्यानें शाळा सोडली.

निसर्गाच्या दृष्टीनें पाहतां किंशुकाचें हें व्यंग व्यंगच नव्हे. पळसाचें परागसिंचन मुख्यतः पांखरें करतात, आणि तीं फुलाकडे येतात तीं गंधानें नव्हे, रंगानें. फुलाच्या तळाशीं मध भरपूर असतो. साळुंकी, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठीं चोंच आंत घालतात, त्यांच्या अंगाला पराग लागतो, आणि तो दुसऱ्या फुलास पोंचतो. तेव्हां गंध असता तरी ह्या पाहुण्यांपुढें तो व्यर्थच गेला असता. ज्याला ज्याचें प्रयोजन, तें त्याच्यापाशीं पुरेपूर आहे.

शिवाय ह्या झाडाचा आपल्या घरांवर उपकार केवढा! होमाच्या समिधा, जेवणाच्या पत्रावळी, रंगपंचमीचा रंग, औषधी गोंद, मुळांच्या तंतूंचे दोर. पानें तीनच खरीं, पण कामें किती!

एकत्र कुटुंबांत दहा मुलें नांदतात आणि एकाच मापानें मोजलीं जातात. पाठांतर हें थोर माप खरें, पण तें एकच नव्हे. आतां वसंतांत मुंजींचा हंगाम आहे. विद्येच्या मार्गास लागणाऱ्या बटूच्या हातीं आपण जो दंड देतों, तो ह्याच निर्गंध पळसाचा असतो, एवढें वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.