वासोट्याचं रान

कोयना महाबळेश्वराला उगम पावते आणि पूर्वेचा उतार धरण्याऐवजी सह्याद्रीला बिलगून दक्षिणेला वाहत राहते. हेळवाकला पोचल्यावर मग ती वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या दक्षिणेच्या वाटेवरच तिला बांध पडला, आणि सोळशी, कांदाटी या तिच्या सख्यांसकट सगळं खोरं पाण्याखाली गेलं. त्या पाण्याला आता शिवसागर म्हणतात. त्याच्या पश्चिम काठावर जे रान उरलं ते १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली चांदोलीबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं आणि २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत बसलं. त्या रानाच्या पोटात वासोटा किल्ला आहे.

साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला उतरायचं, वनखात्याची परवानगी काढायची आणि लाँच धरायची. पलीकडे गाडीरस्ता नाही, हॉटेल नाही, मुक्कामाला परवानगी नाही. पावसाळ्यात तर रानच बंद असतं. मी गेले ते थंडीत, पाणी अजून काठोकाठ असताना. डोंगरांच्या सोंडा दोन्ही बाजूंनी पाण्यात उतरलेल्या, आणि लाँच त्यांच्यामधून वळणं घेत चाललेली. सुकाणूवरच्या मामांना विचारलं, तुमचं गाव कुठलं? त्यांनी हनुवटीनं एक सोंड दाखवली. "त्येच्या खाली आमचं शेत. आजा सांगायचा, भाताला लय झ्याक जमीन व्हती. मी न्हाई बघितली. माझा जलम नंतरचा." भावकी कुठं गेली विचारलं, तर कुणी ठाण्याला, कुणी रायगडात, कुणी सोलापूरकडं. वर्षातनं एकदा देवाला येतात, म्हणाले.

कोयनेच्या वीजघरांची क्षमता १९६० मेगावॅट आहे. शाळेत हा आकडा आम्ही अभिमानानं पाठ केला होता. ज्यांच्या भातखाचरांवरून हे पाणी पसरलं त्यांच्यातले कित्येक जण साठ वर्षांनंतरही पर्यायी जमिनीसाठी धरणं धरून बसतात, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मेट इंदवलीला लाँच लागते. चौकीत सॅक उघडून प्लास्टिकची मोजदाद होते, आणि परत येताना तेवढंच सगळं दाखवावं लागतं. ही शिस्त मला फार आवडली. चौकीमागून वाट सुरू होते ती गेलेल्या गावातूनच. दगडी जोती, एखादा खचलेला बांध, आणि आंब्याची झाडं. जंगलात आपोआप रुजलेला आंबा आणि कुणीतरी परसात लावलेला आंबा यांतला फरक बघताक्षणी कळतो. लावलेली झाडं अंतर राखून उभी असतात. वाटेपासून चार पावलांवर जमिनीत एक उखळ दिसलं. काठ वापरून वापरून गुळगुळीत झालेला, एका बाजूला किंचित जास्त झिजलेला. कांडणारी बाई बहुधा नेहमी त्याच बाजूला उभी राहत असावी. आत पानांचा कुजलेला थर आणि त्यातून दोन पानांचं जांभळाचं रोप वर आलेलं. मी वाकून थरात बोट घातलं, तर वीतभर खाली दगड लागला. म्हणजे या रोपाला इथं झाड व्हायला जागा नाही. तरी ते लालसर, तजेलदार होतं.

ओढा ओलांडताना मारुती आणि गणपती भेटतात. तिथून चढ, आणि चढाबरोबर ऊन संपतं. अंजनी, हिरडा, पिसा, जांभूळ यांच्या माथ्यांनी वर छत धरलेलं असतं. खाली कारवी माणसाच्या उंचीची. वाटेवर गव्याचं शेण पडलेलं, त्यात शेणकिड्यांची लगबग. पुढं एका वारुळाला अस्वलानं भगदाड पाडलं होतं. माती अजून ओलसर होती आणि वाळवी घाईघाईनं भिंत लिंपत होती. एकदा डोक्यावरून मोठ्या धनेशाची जोडी गेली. झाडीमुळे दिसली नाही, पण पंखांचा आवाज एवढा स्पष्ट की पायाखालची वाट विसरून सगळे वर बघत राहिलो. सोबतचा वाटाड्या तरुण पोरगा होता. "ताई, इथं वाघ बगायला येऊ नका. वाघानं आपल्याला बगितलं असंल, तेवढं बास," असं तो म्हणाला. हे त्याचं नेहमीचं वाक्य असेलही, पण मला ते पटलं. या रानात वाघ थोडे आहेत. कॅमेऱ्यांत त्यांची छायाचित्रं मिळतात, आणि ती मिळतात म्हणूनच इथली झाडं इतकी निर्धास्त वाढतात.

गडावर छप्पर नसलेला मारुती, महादेवाचं देऊळ, टाकं, वाड्याची जोती. व्याघ्रगड हे या किल्ल्याचं दुसरं नाव. पेशवाईच्या उतरत्या काळात ताई तेलिणीनं तो लढवला आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांनी तो तिच्याकडून घेतला. पुढं १८१८ साली इंग्रजांनी समोरच्या जुना वासोटा नावाच्या डोंगरावर तोफा चढवून तो पाडाव केला. हा इतिहास मला ठाऊक होता, तरी बाबू कड्यावर उभी राहिले तेव्हा त्यातलं काहीच आठवलं नाही. अर्धवर्तुळाकार कडा सरळ खाली कोकणात कोसळलेला, समोर जुना वासोटा, आणि त्यांच्यामधल्या दरीत अखंड झाडी. एकही छप्पर नाही, एकही तार नाही. महाराष्ट्रात कुठल्याही डोंगरावर उभं राहिलं तरी कुठं ना कुठं टॉवर, खाण किंवा प्लॉट पाडलेली टेकडी दिसतेच. पूर्वेला वळले तर झाडीपलीकडे शिवसागर चमकत होता, पश्चिमेला कोकण धुक्यात होतं.

आता या खोऱ्याच्या वरच्या अंगाला नवं महाबळेश्वर वसवण्याची योजना आखली जाते आहे. तापोळ्याकडे पाण्यावर पूल उभा राहतो आहे. पुलाबद्दल माझं मन साफ आहे. पलीकडच्या गावात बाई अडली तर तिला रात्री लाँचची वाट बघायला लावणारं निसर्गप्रेम मला मान्य नाही. पूल हवाच. पण पुलावरून औषध आणि दूध जावं यासाठी मागून रिसॉर्ट, झिपलाइन आणि विकत घेतलेल्या टेकड्या यायलाच हव्यात, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. महाबळेश्वराचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. त्याची दुसरी प्रत काढायला हीच जागा कशाला?

आणि ठरवणार कोण? हे रान राखलं गेलं ते कुणीतरी उखळ, जोती आणि आंबे मागं ठेवून उठलं म्हणून. त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारलं नव्हतं. आता याच खोऱ्यात हौसेची घरं बांधायची परवानगी द्यायची, तर ज्यांना रानासाठी आणि पाण्यासाठी उठवलं त्यांना काय तोंडानं सांगणार? या योजनेची पहिली सुनावणी मुंबईत किंवा पुण्यात न होता ठाण्या-रायगडातल्या त्यांच्या वसाहतींत व्हावी. त्यांच्या जमिनींचे सातबारे आधी पुरे व्हावेत. आणि वर्षातनं एकदा आपल्या देवाला नारळ फोडायला ती माणसं लाँचमधून येतात, तेव्हा चौकीवर त्यांना पर्यटकांच्या रांगेत उभं करू नये.