पांढऱ्याचा अभ्यास

ग्राफिक डिझाइन शिकावयास परदेशीं गेलेला विद्यार्थी प्रथम रंगपेटी उघडीत असेल, अशी वाचकांची कल्पना असावी. स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं आम्ही एका सत्रापुरते गेलों, तेव्हां आमच्या हातीं काळी शाई व पांढरा रंग एवढेंच आलें. एमिल रूडर यांनीं 1942 पासून मुद्राक्षररचना शिकविली ती याच गांवीं. अक्षराच्या काळ्या अंगाइतकेंच त्याच्या पोटांतील पांढरें महत्त्वाचें, हा त्यांचा कटाक्ष. आर्मिन होफमान यांचें 1959 सालचें ‘जिझेल’ नृत्यनाट्याचें भित्तिपत्रक पाहावें: काळोखांत गिरकी घेणारी धूसर नर्तिका, शेजारीं उभें लिहिलेलें पांढरें नांव, रंगाचा ठिपकाहि नाहीं!

आमचा खरा कस लागला तो देवनागरींत. रोमन अक्षरें सुटीं. त्यांमधील अंतर डोळ्यांनीं तोलतां येतें. आपलीं अक्षरें शिरोरेघेला लोंबतात, आणि ‘द’, ‘र’ यांच्या खालीं पांढऱ्याचें भगदाड पडतें. ‘आदर’ हा एवढासा शब्द जुळवितां तीन आठवडे गेले.

वडिलांना हें पटेना. “अक्षरें गिरवावयास का फंडांतले पैसे काढले?” असें ते दूरध्वनीवर म्हणाले, आणि तें आम्हांस फार लागलें. उत्तरादाखल आम्हीं त्या कागदाचें छायाचित्र पाठविलें. दुसऱ्या दिवशीं एकच ओळ आली: “‘द’ आणि ‘र’ यांमध्यें अजून फट दिसते.”