तळाच्या पाण्याचा श्वास

केळशीची भारजा नदी समुद्रास मिळते तेथे पावसाळ्याच्या अखेरीस गढूळ गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पसरून दूरवर जाते, हे आमच्या गावच्या प्रत्येक तांडेलास ठाऊक असते. परंतु त्या थराखाली कोंडलेल्या पाण्यात काय चालते, हे उमजून घेण्यातच माझी सारी नोकरी खर्ची पडेल, याची मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेताना मला कल्पना नव्हती. मी एखाद्या औषधांच्या कारखान्यात कायम व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. मी गोव्यास गेलो आणि दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झालो. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या दप्तरांत ज्या समुद्राच्या नोंदी होत्या, तो माझ्या लहानपणीचाच समुद्र होता, आणि तरीही तो मला सर्वस्वी नवा वाटला.

'सागर कन्या' जहाजावर मध्यरात्री तारेला बांधलेल्या बाटल्या खोल पाण्यात सोडल्या जात, ठरावीक खोलीवर त्यांची तोंडे मिटत, आणि वर आलेले ते पाणी ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या काळ्या गाळण-चकतीतून ओढून, चमकणारा रंग देऊन आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत असू. एका मिलिलिटरात लाखो जीवाणू असत. त्याच पाण्याचा अंश पोषक आगरावर पसरला, तर त्यातून उगवणाऱ्या वसाहती त्या संख्येच्या शेकडा एक भागही नसत. प्रयोगशाळेत वाढण्यास राजी होणाऱ्या मूठभरांवरून साऱ्या महासागराची कैफियत लिहिण्याचा जुना मार्ग त्यामुळे माझ्या मनातून कायमचा उतरला.

अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू बारमाही जवळजवळ संपलेला असतो. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ही अवस्था केवळ काही महिन्यांपुरती येते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे थंड, प्राणवायूस पारखे झालेले पाणी किनाऱ्याकडे चढते. वर पावसाचे आणि नद्यांचे हलके पाणी झाकण घातल्यासारखे बसते. आणि वरून झरणारा सेंद्रिय गाळ पचविताना जीवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवितात. मग ते नायट्रेट श्वासासाठी वापरू लागतात, आणि नायट्रेटही सरले की सल्फेटकडे वळतात, तेव्हा हायड्रोजन सल्फाइड उत्पन्न होतो. अनाकलनीय वाटणारी ही क्रमवारी केवळ ऊर्जेच्या हिशेबाची आहे: ज्यातून अधिक ऊर्जा मिळते ते आधी वापरले जाते.

गोव्यातील कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून नियमित नमुने घेतले जाऊ लागले. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील हे वाढते प्राणवायुदारिद्र्य नायट्रस ऑक्साइडच्या मोठ्या उत्सर्जनास कारण होत असल्याचे मांडले. शंभर वर्षांच्या मुदतीत हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता अडवितो. जमिनीवरून वाहून येणाऱ्या खतांकडेही त्या निबंधात बोट होते. ज्या मुलखातील शेतांचे पाणी ओढ्या-नाल्यांतून समुद्रात उतरते, त्या मुलखात जन्मलेल्या मला तो निबंध वाचताना विषाद वाटला, आणि आजही वाटतो.

एका गणेशोत्सवात घरी आलो असताना एक वृद्ध तांडेल मला म्हणाले, "बाबा, ह्या दिवसांत खाली मासा टिकत नाही, जाळ्याला कुजका वास मारतो." त्यांना माझ्या कामाविषयी काहीच माहिती नव्हती. माझ्या नोंदवहीतील सप्टेंबरचे आकडे आणि त्यांचे वाक्य एकाच गोष्टीचे दोन दाखले आहेत, याविषयी मला संशय राहिला नाही. एका ठिकाणच्या नमुन्यांवर साऱ्या किनाऱ्याचा निवाडा करणे मला पुरेसे वाटत नाही. भारजेच्या मुखासारख्या लहान खाड्यांसमोरही तळाच्या पाण्याची महिनेवारी नोंद व्हावी, आणि ती ठेवणाऱ्यांत तांडेलांना मानाने स्थान असावे, असा अर्ज मी निवृत्तीनंतरही भेटेल त्या अधिकाऱ्याकडे करीत असतो.