अडवणाऱ्या पानाची भाषा

‘हे पान ब्लॉक केलं आहे.’ कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर तुम्ही हे वाचलं असेलच. फायरवॉलवाले त्याला ‘रिप्लेसमेंट मेसेज’ म्हणतात: मागितलेल्या पानाच्या जागी दिलेलं दुसरं पान. ती पानं बदलणं हे माझं काम.

फोर्टिगेटवर हे पान म्हणजे साधं एचटीएमएल. त्यात दुहेरी टक्केचिन्हांमधल्या खुणा असतात. पान दाखवताना तिथे अडवलेला पत्ता आणि कॅटेगरी आपोआप भरली जाते. फायरवॉल एकच असेल तर हातानं बदलता येतं. शाखागणिक एक असेल तर फोर्टिमॅनेजरच्या एपीआयला स्क्रिप्टमधून मजकूर द्यायचा आणि सगळीकडे इन्स्टॉल करायचा.

स्क्रिप्ट पटकन होते. वेळ लागतो तो वाक्याला, कारण ते एकदा गेलं की सगळ्यांना तेच दिसणार. शिवाय कॅटेगरी कधीकधी चुकीची लागते. गर्भनिरोधकांची माहिती शोधणाऱ्या मुलीला लाल अक्षरांत ‘धोरणाचं उल्लंघन’ दिसलं, तर ती तक्रार कशाला करेल? शेजारच्यानं पाहायच्या आत टॅब बंद करेल.

कायद्यामुळे अडवलेल्या पानांसाठी २०१६मध्ये ४५१ हा कोड प्रमाणित झाला. त्यासोबत कारणाचा तपशील द्यावा, असं ते मानक सांगतं. आपल्या वायफायला ते लागू नाही, पण अपेक्षा रास्त आहे.

म्हणून माझ्या साच्यात आरोप नाही. काय अडवलं, कोणत्या नियमानं, आणि चूक वाटली तर कुणाला सांगायचं, एवढंच. तेही मराठीत.