सतरा नंबरची ओळ

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला विषय काय घ्यायचा, हा प्रश्न पडला तेव्हा मी सोपा रस्ता धरला. आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरला असलेल्या चोवीस जणांचे पाच सेमिस्टरचे टक्के त्यांना विचारून गोळा केले. जे होस्टेल सोडून गेले त्यांना मेसेज टाकले. नावं काढून नंबर दिले, एक्सेलमध्ये सरासरी काढली, आलेख मारला. रेषा मस्त वर चढत होती! निष्कर्ष लिहून मोकळा झालो: 'होस्टेलमध्ये राहिल्याने प्रगती होते.' म्हटलं, रेक्टर सर खूश होतील.

मॅडमनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "पहिल्या सेमला चोवीस आकडे, पाचव्याला अठरा. सहा जण कुठे गेले?"

कसली प्रगती नि काय! एक्सेल सरासरी काढताना रिकामी घरं गुपचूप सोडून देतं. कमी टक्केवाले इयर डाऊन होऊन गळाले, म्हणून सरासरी वर गेली. राहिलेल्यांच्या रेषा वेगवेगळ्या काढल्या, तर बहुतेक जवळजवळ आडव्या.

मग मॅडमनी पॉटहॉफ आणि रॉय यांचं १९६४ सालचं उदाहरण दाखवलं. २७ मुलामुलींच्या कवटीतलं एक अंतर ८, १०, १२ आणि १४ व्या वर्षी मोजलेलं. आकडे १०८, पण माणसं २७च! एकाच मुलाचे चार आकडे एकमेकांशी बांधलेले असतात, ते सुटे धरून चालत नाही. १९८२ मध्ये लेअर्ड आणि वेअर यांनी अशा आकड्यांसाठी जे मॉडेल मांडलं, त्यात सगळ्यांची एक समाईक रेषा असते, शिवाय प्रत्येकाची स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा चढ. ज्याचे दोनच आकडे आहेत त्यालाही ते हाकलत नाही. आकडे कमी, म्हणून त्याची रेषा समाईक रेषेकडे जास्त ओढून घेतं, एवढंच. मात्र गळतीचं कारण आधीच्या आकड्यांत दिसतच नसेल, तर हे मॉडेलही फसू शकतं.

इथे मी अडकलो. सतरा नंबरची ओळ: ६१, ६३, आणि पुढे तीन घरं रिकामी. आकड्यांवरून वाटावं, हा पाचव्या सेमलाही इथेच असणार. पण सतरा नंबर म्हणजे माझा रूम पार्टनर. त्याचं मेसचं बिल तीन महिने थकलं होतं. हे तक्त्यात नव्हतं, मला मात्र माहीत होतं. टक्के पाठवताना त्याने खाली लिहिलं होतं, "बाकी काय रे?" मी उत्तर दिलं नव्हतं. मला आकडे मिळाले होते ना!

त्या रात्री त्याला फोन केला. पाऊण तास बोललो. शेवटी म्हणाला, "तिसरं घर खोडू नकोस, फॉर्म भरतोय."

प्रोजेक्टचा निष्कर्ष मी बदलला. पण मित्रांनो, तुमच्या विंगमध्ये एखादी कॉट रिकामी झाली, तर मार्कांवरून कारण ठरवू नका. त्याला विचारा. आणि जमलं तर कॉट रिकामी होण्याआधीच विचारा.