जनरेटर, इन्व्हर्टर आणि दोन तोंडांची वायर



बागेची नोंद आज नाही. परवा एका पाहुण्यानं फोनवर विचारलं, घरच्या इन्व्हर्टरला जनरेटर कसा जोडलाय, फोटो टाका. फोटो खाली टाकलाय. पण नुसता फोटो बघून कुणी जोडू नका, म्हणून हे लिहितोय. यात माझी चूक आहे, ती पण लिहितो.

आमचं घर मळ्यात. गावापासून दोन किलोमीटर, लाईनीच्या पार शेवटच्या खांबावर. वळवाचा पाऊस झाला की पहिली लाईट आमची जाते आणि शेवटी येते. गेल्या वर्षी मे महिन्यात वादळात वाटेवरचे खांब आडवे झाले आणि तीन दिवस लाईट नव्हती. एरवी आम्ही कंदील लावून झोपलो असतो, पण तेव्हा आबांना ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. हवेतनं ऑक्सिजन काढून देणारं, विजेवर चालणारं. ते मशीन साडेतीनशे वॅट खातं. आमची बॅटरी दीडशे ॲम्पिअरची. कागदावर १८०० वॅटअवर होतात, पण बॅटरी पार रिकामी करता येत नाही आणि इन्व्हर्टर स्वतः पण थोडं खातो. एक पंखा आणि एक दिवा धरून तीन तास मिळायचे, फार तर. रात्र आठ-नऊ तासांची.

म्हणून दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर काढला. तो घरात आधीपासनंच होता, दूध काढायच्या मशीनसाठी घेतलेला. आणि तो जोडायला आमच्याकडं होती ती वायर, जी निम्म्या मळ्यांत खुंटीला टांगलेली असते. दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या कुठल्याही प्लगमध्ये. घर उजळतं.

या वायरीनं मला आधी एकदा दणका दिलेला. पहिल्या वर्षी मी ती हॉलमधल्या प्लगमध्ये घातली. तो प्लग इन्व्हर्टरच्या लाईनीवर होता हे ध्यानात नाही. म्हणजे इन्व्हर्टर जिथनं करंट बाहेर देतो तिथनंच जनरेटरचा करंट आत ढकलला. टप्प असा आवाज आणि जळका वास. दुरुस्तीवाला म्हणाला, आतले मॉसफेट गेले. बावीसशे रुपये. जनरेटर इन्व्हर्टरच्या इनपुटला द्यायचा, लाईट येते त्या बाजूला, एवढं तेव्हा शिकलो. म्हणून मग किचनमधला प्लग वापरायला लागलो, जो सरळ मीटरच्या लाईनीवर आहे. त्यानं इन्व्हर्टर चार्ज व्हायला लागला, आणि मला वाटलं झालं काम.

मेन स्विच पाडायचा नियम होता. मीच घरात सगळ्यांना सांगितलेला. पण मेन पाडला की बाहेर लाईट आली का नाही हे कळत नाही. मग कुणीतरी मधेच वर करून बघतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच झालं. कुणी वर केला ते मी विचारलं नाही आणि आता विचारणार पण नाही.

आमच्या खांबाच्या पलीकडं तार तुटलेली. त्यामुळं लाईनीवर शेजारच्यांचा लोड नव्हता. तो असता तर जनरेटर लगेच घुसमटून बंद पडला असता आणि आम्हांला समजलं असतं. तसं झालं नाही. जनरेटर मजेत चालू, आणि आमच्या मीटरमधनं उलटा जाऊन खांबावरच्या तारेत २३० व्होल्ट उभे. वायरमन शिडी लावायला आलेला होता. गडी गावातलाच, माझ्या पोराच्या वयाचा. वरनं डीपी बंद, तार तुटलेली, म्हणजे लाईन मेलेलीच. तरी त्यानं रिवाजाप्रमाणं खालनं काठीनं तारांवर साखळी टाकली.

मला घरात ऐकू आला तो फटाक्यासारखा आवाज, आणि त्याबरोबर जनरेटरचा ट्रिप पडला. इन्व्हर्टरनं लोड घेतला, आबांचं मशीन थांबलं नाही. मी ट्रिप उचलायला बाहेर धावलो, हात ट्रिपवर ठेवला, तेवढ्यात बांधावरनं ओरडणं ऐकू आलं.

"अण्णा, थांबा! जनरेटर कुठं जोडलाय?"

मी म्हणालो, "मेन पाडलाय रे."

तो पळत घरात आला, बोर्डाकडं बघितलं आणि काही न बोलता मेन खाली केला. मग किचनमधली ती वायर उपसून अंगणात फेकली. पाणी पण नको म्हणाला. दहा मिनिटं ओट्यावर बसून राहिला. त्यानं साखळी टाकायचा कंटाळा केला असता तर? तसं घडलेलं आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. जाताना एवढंच सांगितलं की डीपीपर्यंत तार सलग असती तर तोच करंट डीपीतनं उलटा चढून वरच्या लाईनीत हजारांच्या व्होल्टेजनं गेला असता, आणि पुढं दुसऱ्या गावाला कुणी खांबावर असता.

त्या रात्री मी जनरेटरची वायर थेट इन्व्हर्टरच्या मागच्या पिनेला लावली. इन्व्हर्टरचा प्लग भिंतीतनं काढला आणि एक्स्टेन्शन बोर्डावरनं जनरेटरला दिला. घराच्या वायरिंगशी संबंधच नाही. हे आधी का सुचलं नाही, देव जाणे.

लाईट आल्यावर मोटार रिवायडिंगवाल्याला घेऊन कायमचं काम केलं. मेन स्विचच्या पुढं दोन पोलचा चेंजओव्हर. एका बाजूला मीटरची लाईन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधनं घर. दांडी एका वेळी एकाच बाजूला बसते, दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत. एक पोलचा स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. तो नुसता फेज तोडतो, न्यूट्रल खांबाला जोडलेलीच राहते. लाईट आली का हे बघायला मीटरच्या बाजूला एक छोटा इंडिकेटर बल्ब लावला. आता मेन वर करून बघायचं कारणच उरलं नाही. जनरेटरच्या बॉडीला वेगळं अर्थिंग काढलं. आमच्या जनरेटरच्या दोन्ही पिनांवर टेस्टर मंद लागतो, तो बिघाड नाही. त्याची न्यूट्रल जमिनीला बांधलेली नसते म्हणून तसं होतं.

आता इन्व्हर्टरची गंमत. नव्या जोडणीवर तो जनरेटर घेईचना. टक टक टक, घेतो, सोडतो, परत घेतो. मागचं बटण यूपीएस मोडवर होतं. त्या मोडला साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतला स्थिर करंट लागतो. बटण दुसऱ्या मोडवर केलं की काहीही चालवून घेतो, शंभरापर्यंत. धाकटा म्हणाला, करून टाका. पण मग तोच खालीवर होणारा करंट सरळ आबांच्या मशीनला जाणार. नको म्हटलं. जनरेटरचा कार्ब्युरेटर साफ केला, मेकॅनिककडनं फेरे बसवून घेतले. तीन हजार फेऱ्यांना ५० हर्ट्झ. लोडवर मीटर लावून बघितला, २२५ आणि ४९-५० च्या मधे. मग यूपीएस मोडलाच घेतला.

लोडचा हिशोब पण चुकायचा. जनरेटर चालू असताना इन्व्हर्टर घरचा लोड तर पुढं देतोच, वर बॅटरी चार्ज करायला आणखी अडीचशे-तीनशे वॅट ओढतो. आमचं सगळं मिळून आठशे. त्यात एक एचपीचं दूध मशीन चालू केलं की मोटार सुरू होताना चार पट ओढते, जनरेटर मान टाकतो आणि इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. म्हणून आधी दूध मशीन, ते फिरायला लागलं की मग इन्व्हर्टर. चार तास जनरेटर चालवून बॅटरी भरत नाही, निम्मी पण नाही. तासाला लिटरभर पेट्रोल.

धाकटा मोबाईलवर अमेरिकेतल्या चाकावरच्या घरांचे व्हिडिओ बघतो. त्या गाड्यांत बाहेरची वीज, जनरेटर आणि इन्व्हर्टर तिन्ही असतात. त्यांच्यात पण मधे असाच स्विच, फक्त आपोआप पडणारा. मला म्हणाला, बघा, तिकडं पण तुमचाच चेंजओव्हर. माझा कसला? वायरमनचा.

जनरेटर उघड्यावर, गोठ्याच्या वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवतो. पावसात पण आत घेत नाही, वर पत्रा टाकलाय. त्याचा धूर बंद खोलीत माणूस मारतो, जनावर पण.

आबा दिवाळीआधी गेले. ऑक्सिजनचं मशीन गावातल्या दुसऱ्या घरी दिलंय, आणि त्यांच्याकडं पण चेंजओव्हर बसवून दिला.

परवा पावसानं परत लाईट गेली तेव्हा वायरमन आला. जनरेटर चालू होता. त्यानं घरात येऊन दांडी कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, चहा घेतला, आणि तरी खांबाला शिडी लावायच्या आधी साखळी टाकलीच. मी बांधावर उभा राहून बघत होतो. आवाज आला नाही. मग तो वर चढला.