लिसाबाईंचा हिशोब

मे महिन्यात दुपारी मुलांना घरात कसं थोपवायचं हा प्रश्न तुम्हालाही पडत असेलच. आमच्या वाडीला तर कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. अशाच एका दुपारी मुलानं ‘रॉकेटशिप एक्स-एम’ हा १९५० सालचा अमेरिकन चित्रपट लावला. मी आपली भिवापुरी मिरचीची देठं खुडत बसले होते.

त्या वर्षी जॉर्ज पाल यांच्या रंगीत, खर्चिक ‘डेस्टिनेशन मून’चा मोठा गाजावाजा चालला होता. या मंडळींनी घाईघाईनं आपलं काम उरकून महिनाभर आधीच चित्रपट लावून टाकला! स्पुटनिक उडायला अजून सात वर्षं होती, तेव्हा अवकाशात काय होतं ते कुणी पाहिलेलंच नव्हतं. म्हणून यानात वस्तू तरंगतात, माणसं मात्र खुशाल बसलेली. मुलगा हसून हसून लोळला.

मी मिरच्या विसरले त्या लिसाबाईंपायी. यानात चार पुरुष आणि ही एकटी, रसायनशास्त्रातली डॉक्टर. स्वयंपाक, शिवण नि मुलंबाळं एवढ्यावर बाईचं का भागू नये, असं तिला तिथंही ऐकावं लागतंच. वाटेत इंजिन बंद पडतं. इंधनाचं मिश्रण नव्यानं ठरवायला प्रमुख शास्त्रज्ञ आणि ती, दोघं गणित मांडतात. उत्तरं जुळत नाहीत. तो म्हणतो, माझंच उत्तर घ्यायचं. आणि माफी कोण मागतं? तीच! घटकाभर बाईसारखी वागलीस, चालायचंच, अशा थाटात तो ती देतोही. मग यान असं भरकटतं, की चंद्र राहतो बाजूला नि मंडळी पोचतात मंगळावर.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाला वाटलं, मिरची.

खरं सांगू? आमचं घर बांधायला काढलं, तेव्हा मीही वहीत हिशोब मांडला होता. ठेकेदाराच्या आकड्यात सेंट्रिंग आणि पाण्याचे टँकर धरलेलेच नव्हते. स्लॅबच्या आधी पैसे संपणार, असं मी म्हटलं. हे आणि भाऊजी हसले. बी.ए.ला बांधकाम होतं का, वहिनी? रात्री ताटावर वाद नको म्हणून मीच म्हटलं, चुकलं माझं. स्लॅबच्या आठ दिवस आधी माझ्या पाटल्या मोडल्या. त्याबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. मीही नाही.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा त्या मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना कालहस्ती टीव्हीवर बोलल्या. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, यांनीसुद्धा.

चित्रपट संपला. परतीचं इंधन पुरत नाही, यान कोसळतं. हे पेपरामागे होते. मला वाटलं झोपले.

“पुरलं नाही का त्यांना?” यांनी विचारलं.

“नाही.”

थोडा वेळ नुसता कूलरचा आवाज. मग उठून कपाटातून वरच्या मजल्याचा ठेकेदाराचा कागद आणला नि माझ्यापुढं धरला.

“तुझी ती वही आहे का गं अजून?”

वही कडधान्याच्या डब्यांमागे होती. पण माझे हात मिरचीचे. म्हटलं, “तुम्हीच काढा. मी आकडे सांगते, तुम्ही लिहा.”